फुटलेल्या भिंगाचं रीडिंग

मी शिक्षक नाही. नाशिकला दिंडोरी रोडच्या बाजूला एक कनिष्ठ महाविद्यालय आहे, तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. टेबलं पुसायची, तारा जोडून ठेवायच्या, साहित्य मोजून कपाटात लावायचं. मुलं मला काका म्हणतात. हे आधीच सांगतो, कारण गेल्या काही महिन्यांत मला पुन्हा पुन्हा तेवढंच ऐकवलं गेलं: तुम्ही शिक्षक नाही. मान्य. पण खोटं रीडिंग सांगायला बावीस वर्षं मी चाललो, तर खरं सांगायलाही मी चालायला हवा.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही, म्हणून आमची पद्धत सांगतो. अकरावीला एकशेवीस मुलं. भिंगाचा प्रयोग एकाच टेबलावर, भिंग एकच. सगळ्यांना हातात देऊन प्रयोग करायचा म्हटलं तर महिना जाईल. मग जानेवारी आला, जर्नल तपासायची वेळ झाली, की मी कपाटातून पुठ्ठ्याची वही काढायचो. तिच्यात प्रत्येक प्रयोगाची रीडिंगं लिहून ठेवलेली असत. मी वाचायचो, मुलं उतरवून घ्यायची. बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर वीस सेंटिमीटर. आधी उत्तर लिहायचं, मग उलटं जाऊन तक्ता भरायचा. सगळ्यांचं सारखंच आलं तर तपासणाऱ्याला संशय येईल, म्हणून चुकाही मीच वाटून द्यायचो. रोल नंबर एक ते तीस, एकोणीस पूर्णांक आठ. एकतीस ते साठ, वीस पूर्णांक दोन. पुढच्यांनी वीसच ठेवा. मुलं हसत लिहायची. एकदा एक जण म्हणाला, "काका, माझी चूक जरा मोठी द्या, माझा स्वभावच तसा आहे." मीही हसलो होतो.

आमचे भौतिकशास्त्राचे सर वाईट माणूस नाहीत. फळ्यावर शिकवायला लागले की मागच्या बाकावरचं पोरगंही मान वर करतं. पण जर्नलवर सही करताना ते आकड्याकडे बघत आणि पुढचं जर्नल ओढत. आकडा वीसच्या जवळ असला की झालं.

आता माझं पाप सांगतो. ते वहीतल्या आकड्यांपेक्षा वेगळं आहे.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत कपाट साफ करताना माझ्या हातून ते भिंग पडलं. फरशीवर दोन तुकडे झाले. नोंदवहीत लिहायचं म्हणजे अर्ज, चौकशी, सरांची बोलणी. मी लिहिलं नाही. रविवार कारंज्याजवळ शाळेचं साहित्य मिळतं त्या दुकानात गेलो आणि भिंग मागितलं. दुकानदाराने विचारलं, "फोकल लेंथ किती?" मला ठाऊक नव्हतं. म्हणजे वहीतला नाभीय अंतराचा आकडा तोंडपाठ होता, पण तो आकडा या काचेबद्दल काही सांगतो, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मी अंगठा आणि तर्जनीचा गोल करून दाखवला, म्हटलं, एवढ्या आकाराचं द्या. त्याने दिलं. स्टँडमध्ये नीट बसलं. मी निश्चिंत झालो. इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाने भिंग बांगडीसारखं मापावर घेतलं.

त्याच वर्षी हरसूलकडची एक मुलगी अकरावीला होती. वसतिगृहात राहायची, शनिवारी सीबीएस स्टँडवरून बसने घरी जायची. फारशी बोलायची नाही. मी वही वाचत होतो तेव्हा ती लिहीत नव्हती. ती भिंग घेऊन खिडकीशी गेली. खिडकीतून समोर पाण्याची टाकी आणि तिच्यामागे चामरलेणीचा डोंगर दिसतो. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात कोरं पोस्टकार्ड. कार्ड मागेपुढे करता करता त्यावर टाकी उलटी उमटली, लहान आणि रंगीत. तिने मैत्रिणीला पट्टी धरायला लावली आणि पंधरा लिहिलं.

सरांनी त्या पंधराभोवती लाल गोल केला. बाजूला लिहिलं, पुन्हा करा. ती जर्नल घेऊन माझ्याकडे आली.

"काका, हे भिंग बदललंय का?"

सर चार पावलांवर बसले होते. मी म्हणालो, "नाही गं. तेच आहे."

"नक्की?"

"मी काय आज आलोय का इथं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे पाहिलं. मग बाकावर बसून खोडरबराने पंधरा खोडलं आणि वीस लिहिलं. मी समोर उभा होतो. खोडरबराचे कण तिने हाताने झटकले आणि जर्नल सरांपुढे ठेवलं. सही झाली. बारावीला ती आमच्याकडे नव्हती, कला शाखेत गेली असं कानावर आलं. ते माझ्यामुळे झालं असं म्हणणं सोपं आहे, आणि नाही म्हणणंही सोपंच. मला माहीत नाही. मला एवढंच माहीत आहे की एका मुलीने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो शब्द खोटा होता. त्यानंतर दर जानेवारीत मी वीसच वाचत राहिलो, फुटलेल्या भिंगाचं वीस.

हे असंच चालून गेलं असतं. मग आमच्या कॉलेजने मोफत ऑनलाइन धडे सुरू केले.

कल्पना चांगली होती आणि आजही मी ती चांगलीच म्हणतो. सुरगाणा, पेठ, हरसूल या बाजूची बरीच मुलं आमच्याकडे नाव घालतात, पण रोज येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी विज्ञानाची आणि अभियांत्रिकीची अगदी सुरुवातीची ओळख, मराठीत, दहा-दहा मिनिटांचे धडे. कुणीही बघावं, पैसे नाहीत. सर शिकवणार, मी मोबाइल धरणार. चॅनेलचा कारभारही माझ्याकडेच आला, कारण सर म्हणाले, "ते अपलोड-बिपलोड तुम्हीच बघा, मला जमायचं नाही."

मोबाइल धरून धरून पन्नाशी उलटल्यावर मी भौतिकशास्त्र शिकलो. हात हलू नये म्हणून कोपर टेबलावर टेकवून उभा राहायचो आणि सरांचं प्रत्येक वाक्य ऐकायचो. तरफ, कप्पी, उष्णता, पूल का वाकत नाही, सायकलला दोन चाकं का पुरतात. घरी गेल्यावर आवाज नीट आलाय का बघायचो, म्हणजे तोच धडा पुन्हा ऐकायचो. बायको म्हणायची, "एवढं दहावीला ऐकलं असतं तर आज सर झाला असता." तिसऱ्या धड्यात सर म्हणाले होते, "प्रत्येक मोजमापात त्रुटी असते. ती लपवायची नसते, लिहायची असते." ते वाक्य मी पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकलं.

डिसेंबरात भिंगाचा धडा झाला. भिंग स्टँडमध्ये, मागे पांढरा पडदा, खाली पट्टी. पडद्यावर टाकी उलटी, स्वच्छ. सर मोबाइलकडे बघून म्हणाले, "बघा, अंतर आलं वीस सेंटिमीटर." पट्टी माझ्या कॅमेऱ्यात होती. पडदा पंधरावर उभा होता. मला दिसलं. मी बोललो नाही. सवय.

दोन दिवसांनी त्या धड्याखाली एक कमेंट आली. सुरगाण्याकडच्या एका मुलीची, आमच्याच अकरावीतली. "सर पट्टीवर १५ दिसतंय, तुम्ही २० का म्हणता." मी सरांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून वाचली. "पोरांना काय, कुठूनही बघतात. काढून टाका ती कमेंट. चर्चा नको उगाच."

मी ती काढली. अंगठ्याने दाबलं आणि गेली. खोडरबर तरी कण मागे ठेवतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती मुलगी प्रात्यक्षिकांसाठी आली. गावाहून आधी जीप, मग बस. पाठीवर दप्तर, हातात डब्याची पिशवी. आत येऊन सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"काका, मी लिवलेलं कुठं गेलं?"

"काय लिहिलेलं?"

"भिंगाच्या व्हिडिओखाली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर नाय. मला वाटलं माझा मोबाइल बिघडला. मग भावाच्या मोबाइलवर बघितलं, तिथं पण नाय."

मी म्हणालो, "मी काढलं."

"का? लय चुकीचं हुतं का?"

तो प्रश्न तिने खरोखर विचारला होता. टोमणा नव्हता. चुकलं असेल तर सांगा, सुधारते, असा तो आवाज होता. पंधरा वर्षांनी तीच वेळ पुन्हा माझ्यापुढे आली होती आणि या वेळी सर खोलीत नव्हते.

"चुकीचं नव्हतं," मी म्हणालो. "पंधराच आहे."

"मग?"

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला आणि एकट्यानेच व्हिडिओ केला. भिंग हातात धरलं. खिडकी, कार्ड, टाकी, पट्टी. पट्टी अगदी जवळ नेऊन दाखवली. मग म्हणालो की या भिंगाचं नाभीय अंतर पंधराच्या आसपास आहे. आम्ही वीस सांगतो ते आधीच्या भिंगाचं. ते माझ्या हातून फुटलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. एका मुलीने बरोबर मोजलं होतं, तिला मी खोटं ठरवलं. आता दुसरीने बरोबर लिहिलं, तेही मी पुसलं. या वर्षीच्या मुलांनी वहीतलं उतरवलेलं सोडून स्वतः मोजावं. कुणाचं नाव घेतलं नाही. घेण्यासारखं नाव माझंच होतं. चार मिनिटं झाली. मी ते सरांच्या धड्याच्या खालोखाल टाकलं.

तिसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमच्या खोलीत मी उभा होतो आणि सर बसले होते.

"काढून टाका," मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटांचं काम आहे. विषय संपला."

"काढणार नाही, मॅडम."

सर म्हणाले, "अहो, तुम्ही माझी अब्रू काढलीत चव्हाट्यावर. बत्तीस वर्षं शिकवतोय मी."

"व्हिडिओत चेहरा माझा आहे, सर. फोडलं मी म्हणतोय, लपवलं मी म्हणतोय."

"लोक समजतात हो मधलं! तुम्ही म्हणता आम्ही वीस सांगतो. हे 'आम्ही' कोण? तुम्ही आणि तुमचं कपाट?"

ते बरोबर बोलत होते.

मॅडमनी फाईल मिटली. "तीन आठवड्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून परीक्षक येणार. जर्नलं लिहून झालीत, सह्या झाल्यात. आता एकशेवीस मुलं पुन्हा मोजणार? कुणाचं काहीही येईल. गुण गेले तर पालक माझ्या दारात. तुमच्या नाही."

"गेले तर जाऊ देत, मॅडम."

"तुमच्या मुलांचे जात नाहीयेत."

"मोफत धडा म्हणजे खोटा चालेल, असं कुठं ठरलंय? ही पोरं डोंगरातून एवढ्याशा मोबाइलवर बघतात. त्यांच्याकडे दुसरं काही नाही. ती आपल्यापेक्षा नीट बघतात, एवढंच झालंय. आणि सर, त्रुटी लपवायची नसते हा धडा तुमचाच आहे. तिसरा. मीच धरला होता मोबाइल."

मॅडम मध्येच बोलल्या. "तुम्ही शिक्षक नाही, हे तरी मान्य आहे ना?"

"आहे. मी फोडलं ते मी सांगितलं. त्याला शिक्षक व्हावं लागत नाही."

"मग चॅनेलचा पासवर्ड द्या."

मी खिशातलं पेन काढलं, त्यांच्याच टेबलावरच्या चिठ्ठीवर पासवर्ड लिहिला आणि पुढे सरकवला. "हा घ्या. काढायचा असेल तर तुमच्या हाताने काढा. माझ्या हाताने आता काही पुसलं जाणार नाही."

संध्याकाळी शिपायाने मेमो आणून दिला. विनापरवानगी चित्रफीत प्रसारित केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. खुलाशात मी भिंग कधी फुटलं, नवीन कुठून आणलं, दोन मुलींशी कसा वागलो हे लिहिलं आणि शेवटी लिहिलं की चित्रफितीत एकही वाक्य खोटं नसल्याने ती मागे घेण्याचं कारण मला दिसत नाही. भिंगाबद्दल जी शिक्षा असेल ती मान्य आहे. ऑफिसमधले भाऊसाहेब वाचून म्हणाले, "काका, खुलासा असा नसतो. खाली 'दिलगीर आहे' एवढं टाका, सुटाल." मी म्हटलं, दिलगीर मी त्या मुलींशी आहे, ऑफिसशी नाही. त्यांनी कपाळाला हात लावून शिक्का मारला.

पासवर्डची चिठ्ठी मॅडमच्या टेबलावरच्या काचेखाली गेली. व्हिडिओ कुणी काढला नाही. सर आता जर्नलांचं काय करणार, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पण सोमवारी एकशेवीस जर्नलं माझ्या टेबलावर होती आणि भिंगाच्या पानावरची सरांची सही एका रेघेने खोडलेली होती.

मुलं खूश झाली असं वाटत असेल तर तसं नाही. "काका, काय हो हे! झालेलं होतं ना सगळं!" "तुम्ही फोडलं आणि लिहायचं आम्ही?" खिडकीशी रेशनच्या दुकानासारखी रांग लागली. एक भिंग, एक कार्ड. सकाळी साडेसात ते नऊ, चार दिवस. कुणाचं चौदा पूर्णांक सात आलं, कुणाचं पंधरा पूर्णांक तीन. एकाचं सोळा आलं, कारण लाकडी पट्टीचं टोक झिजलंय आणि तो टोकापासून मोजत होता. ढग आले की टाकी अंधुक व्हायची आणि सगळे मिळून ढगाला शिव्या द्यायचे. बावीस वर्षं मी चुका रोल नंबरप्रमाणे वाटल्या होत्या. आता प्रत्येकाची चूक त्याची त्याची होती आणि मला एकही आधी सांगता आली नसती.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक मॅडम जर्नलं उलटत होत्या. भिंगाच्या पानांवर त्या थांबल्या. "सर, हे काय? दोघांचं एकसारखं नाही. प्रयोग नीट बसवलेला नाही का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी कपाटाशी उभा होतो. ते आता म्हणू शकत होते की सहायकाने गोंधळ घातला, आणि कुणी त्यांना खोटं म्हटलं नसतं.

तेवढ्यात परीक्षक मॅडमनी समोर बसलेल्या मुलीला विचारलं. ती कमेंट लिहिणारी सुरगाण्याचीच होती. "तुझं पंधरा तीन. शेजारणीचं चौदा सात. खरं कुठलं?"

"माहीत नाय, मॅडम."

"म्हणजे?"

"मला हेच दिसलं. तिला ते दिसलं. दोघी मिळून परत मोजू का?"

"आता? वेळ कुठाय?"

"मोजू द्या," सर म्हणाले. "पाच मिनिटं लागतात. मोजू द्या त्यांना."

त्या दोघी खिडकीशी गेल्या. मी पट्टी दिली. पंधरा आलं, मग पंधरा पूर्णांक एक. परीक्षक मॅडम घड्याळ बघत उभ्या राहिल्या, शेवटी त्यांनीही कार्डावर वाकून बघितलं. तरी गुण त्यांनी कापलेच. 'रीडिंगमध्ये सुसंगती नाही' असा शेरा लिहून वर्गाला सरसकट दोन कमी दिले. गेल्या वर्षी असा शेरा नव्हता. पालक आले, प्राचार्य मॅडम म्हणाल्या होत्या तसेच. दोघे जण माझ्यावरही बोलून गेले. मेमोचा निकाल अजून लागलेला नाही, आणि लागेल तेव्हा वेतनवाढ थांबेल असं भाऊसाहेब सांगतात.

हरसूलच्या त्या मुलीला मी शोधलेलं नाही. तिने तो व्हिडिओ पाहिला असेल अशी आशा धरून बसावं, एवढाही हक्क मला नाही. पण तो तिथे आहे आणि तिने कधी शोधलंच तर सापडेल.

गुणांची यादी लागली तेव्हा सुरगाण्याची मुलगी बोट फिरवत आपलं नाव शोधत होती. मी मागे उभा राहिलो. म्हणालो, "दोन गेले गं तुझे. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळं कसं?" तिने वळून पाहिलं. "मोजलं मी. दोन गेले ते पण माझेच."

आणि बस सुटेल म्हणून ती पिशवी उचलून पळाली.